दाऊदशेठना सांगू नका!

आमच्या शनिवारच्या मंडळातली चार माणसं कुठंही भेटली, बंदरावर, लग्नाच्या मांडवात, अगदी मयतीहून परतताना, तरी कोणीतरी म्हणतंच, "बीए, ते गोसाव्याचं सांग की!" मी सांगायला तोंड उघडलं की दुसरा म्हणतो, "त्याच्या आधीचं घे ना, कीर्तनाचं!" असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. परसातल्या करवंट्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढली की ढीग अंगावर येतो. तेव्हा आज ढीगच ओढतो.

बीए म्हणजे मी. मुंबईच्या कॉलेजातून एक डिग्री आणि एक ट्रंक भरून पुस्तकं घेऊन रेवसच्या धक्क्यावर उतरलो, त्या दिवसापासून आईखेरीज कोणी माझं नाव घेतलेलं नाही.

गावात वाचनालय काढायचं, हे मी आगबोटीतच ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे पुस्तक म्हणजे एक तर पोथी, नाही तर कोर्टाचा कागद. हे चित्र बदलायचं, आणि तेही लगेच! अडचण होती जागेची. देवळाच्या सभामंडपात कोणी कोणत्या खांबापर्यंत यायचं ते ठरलेलं. शाळेला संध्याकाळी कुलूप, आणि चावी हेडमास्तरांच्या जानव्याला. सगळ्या गावाला चढता येईल असा एकच जिना गावात होता, तो दाऊदशेठच्या वखारीचा. खाली नारळ आणि भाताची पोती, वर लांबरुंद मोकळा माळा.

दाऊदशेठ सुपारी-नारळाचे व्यापारी. मुंबईला सारखी ये-जा. माझं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माळा घ्या. पण बीए, रिकामी जागा मला बघवत नाही. शनिवारी माणसं आली तर माळा पुस्तकांचा. नाही आली, तर सुपारीचा!"

माणसं यावीत म्हणून मी एक रहस्यमय कादंबरी निवडली आणि दर शनिवारी संध्याकाळी तिचं एक प्रकरण मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गोष्ट अशी: एका संस्थानात दोन बहिणी. थोरली तारा पहिल्याच प्रकरणात नदीत बुडते. धाकटी दिवाणाच्या तावडीत सापडते. आणि दर संकटात कुठून तरी एक जटाधारी गोसावी धावून येतो. हा गोसावी कोण? ते अगदी शेवटच्या प्रकरणात. तो जटा काढतो, आणि निघते कोण, तर तारा! न बुडालेली!

पहिलं प्रकरण संपलं तरी माळ्यावरून कोणी हलेना. दाऊदशेठ उठले.

"आणखी एक अट," ते म्हणाले. "हा गोसावी कोण, ते मला कोणी आधी सांगायचं नाही. कोणी सांगितलं तर मी हा जिना चढणार नाही. आणि मी चढलो नाही, तर सुपारी चढेल!"

त्या वेळी, माझ्या समजुतीनं, गोसावी कोण हे गावात फक्त मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "शेठ, निश्चिंत राहा!"

केवढा भाबडा होतो मी!

* * *

पहिला हल्ला गोदूकाकूंचा. काकू ब्राह्मणआळीतल्या. दर शनिवारी माळ्यावर यायच्या, घरी जाऊन आंघोळ करायच्या, पण यायच्या! स्वतःची चटई आणायच्या आणि सगळ्यांच्या पुढं बसायच्या.

दुसऱ्या शनिवारी मी पुस्तक उघडलं, तर काकू म्हणाल्या, "थांब. त्या धाकटीचं शेवटी बरं होतं ना रे?"

"काकू, ते शेवटीच कळायचं."

"मग मी आत्ता ऐकू कशी? जिवाला घोर लावून बसायला मी काय तिची सावत्र आई आहे? आधी सांग, पोरगी जगते का, आणि तो गोसावी बरा माणूस आहे का. मग वाच हवं तेवढं."

मी काकूंना रहस्यकथेचं तंत्र समजावून सांगितलं. उत्कंठा म्हणजे काय, लेखक धागे का लपवतो, वाचकानं धीर का धरायचा. काकूंनी सगळं ऐकलं आणि चटई गुंडाळून निघून गेल्या.

पुढच्या शनिवारी बघतो तर काकू पहिल्या जागेवर हजर! चेहरा एकदम प्रसन्न.

"वाच आता खुशाल," म्हणाल्या. "मला कळलंय सगळं."

मी हादरलो. "कोणी सांगितलं?"

"ते नाही सांगायची. पुस्तक संपेपर्यंत कोणाला बोलणार नाही, असा शब्द दिलाय."

मी घरी जाऊन ट्रंकेचं कुलूप तपासलं. कुलूप जागच्या जागी होतं.

* * *

यानंतर आमच्या कादंबरीवर मूकपट निघाला. मला अभिमान वाटला! मराठी कादंबरी पडद्यावर! मग कोळीवाड्यातला पांडू, मचव्यावरचा तांडेल, मुंबईला माल उतरवून परत आला, आणि अभिमान गेला.

पांडूचा मचवा धक्क्याला लागायच्या आधीच त्यावरच्या खलाशांना गोसावी कोण ते ठाऊक झालं होतं. दुपारपर्यंत कोळीवाड्याला आणि संध्याकाळी मिठागरावर. मी तरातरा बंदरावर गेलो.

"पांडूदादा, तुम्ही शेवट सांगून टाकलात?"

"शेवट?" पांडू दोर गुंडाळत म्हणाला. "शेवट मी बगितलाच न्हाय. भरतीची येल झाली म्हून मदीच उठलो. मी फकस्त सुरवात सांगितली."

"सुरुवातीत गोसावी कोण ते कसं कळेल?"

"पयल्याच रिळात हाय की! पोरगी पाण्यात पडते, पलीकडून वर येते, झाडामागं जाते आन् जटा लावून भायेर येते. समद्यांच्या म्होरं!"

म्हणजे ज्या गोष्टीसाठी लेखकानं चारशे पानं जीव टाकला, ती त्या शहाण्यांनी पहिल्या पाच मिनिटांत उघड्यावर मांडली होती! का, तर प्रेक्षकांचा गोंधळ व्हायला नको! मी धक्क्यावरच सुरू झालो. कलेचा खून आहे हा, वाचकाचा विश्वासघात आहे, असल्या लोकांना कायद्यानं बंदी हवी...

पांडू शांतपणे म्हणाला, "बीए, उगाच तापू नको. मुका शिनेमा व्हता तो. कोन कायसुदिक बोललंच न्हाय, मंग गुपित फुटलं कसा?"

तेवढ्यात दाऊदशेठ छत्री टेकत आले. "काय पांडू, मुंबईत काय पाहिलंस?"

आख्खा धक्का पांडूकडं बघायला लागला. पांडूनं तोंड उघडलं. मागच्या कोळणीनं त्याच्या पाठीत कोपर मारलं. पांडूनं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाला, "समुद्र."

त्या दिवशी गावात एक अलिखित कायदा झाला: बोला काहीही, पण दाऊदशेठना सांगू नका! माळा गेला तर शनिवार जाणार, हे आता सगळ्यांना कळत होतं. आणि शेवट माहीत असूनही एक जण शनिवार चुकवायला तयार नव्हता. का, ते माझ्या कॉलेजातल्या डोक्याला तेव्हा उमगलं नाही.

* * *

रामनवमीच्या उत्सवाला बाहेरगावचे एक कीर्तनकार बुवा आले. आमच्या दुर्दैवानं बुवांना वाचनाची आवड होती.

राममंदिर आणि दाऊदशेठचं दुकान समोरासमोर. मधे फक्त बैलगाडीपुरता रस्ता. बुवांचा आवाज खणखणीत. शेठ गादीवर बसून कीर्तन ऐकायचे.

बुवांनी निरूपण धरलं: देव भक्ताच्या हाकेला वेष पालटून धावतो. छान चाललं होतं. मग म्हणाले, "श्रोतेहो, हल्ली एक कादंबरी गाजते आहे. तीत एक गोसावी येतो. हा गोसावी कोण? तर हा गोसावी म्हणजेच..."

धाड् धाड् धाड्! मृदंगवाल्या सखारामनं सगळं बळ एकवटून मृदंगावर हात चालवला.

बुवांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं. थांबले. पुन्हा म्हणाले, "हा गोसावी म्हणजे प्रत्यक्षात..."

धाड् धाड् धाड्! या वेळी झांजवालेही सामील.

"अरे, कीर्तन माझं आहे की तुझं?" बुवा ओरडले. "श्रोतेहो, तो गोसावी..."

"पुंडलिक वरदा हाऽऽरि विठ्ठल!" गोदूकाकूंनी बायकांच्या बाजूनं हाळी दिली, आणि सगळं देऊळ उठून टाळ्या वाजवायला लागलं. बुवांनी तिथंच आरती उरकली.

दुसऱ्या दिवशी दाऊदशेठ मला म्हणाले, "काल बुवा फार रंगात आले होते. मधेच लोकांना काहीतरी विचारत होते. उत्तर काही ऐकू आलं नाही बुवा!"

सखारामच्या मृदंगाची शाई गेली ती गेलीच. ती भरायचा खर्च त्यानं कोणाकडं मागितला नाही.

* * *

मूकपटानं भागलं नाही म्हणून नाटक आलं. एका संगीत कंपनीचा मुक्काम अलिबागला पडला. कंपनीचे पडदे दाऊदशेठच्याच मचव्यातून आले होते, त्यामुळं मालकानं शेठना पुढच्या कोचावर बसायचं आमंत्रण दिलं. झालं! शेठना नाही म्हणायचं कसं? आम्ही दहा-बाराजण तिकिटं काढून त्यांच्या मागच्या रांगेत बसलो. नाटक बघायला नव्हे, पहारा करायला.

पहिल्याच प्रवेशात तारा बुडाली. कंपनीचे मुख्य स्त्रीपार्टी नट ताराचं काम करत होते. काय बुडाले! पडद्याआडून पाण्याचा आवाज, ऑर्गनचा सूर, बायका रडतायत. मला वाटलं, चला, यांनी तरी नीट जपलंय.

मागून अलिबागचा एक पेन्शनर शेजाऱ्याला म्हणाला, "हे आता पुन्हा येणार."

"कशावरून?"

"एवढ्या मोठ्या नटाला पहिल्याच प्रवेशात बुडवून मालक रात्रभराचा पगार देईल काय?"

संपलं! ही अक्कल सगळ्या थिएटरला एकाच वेळी आली असावी, कारण गोसाव्यानं पहिलं पाऊल टाकलं तेच लुगड्याच्या चालीनं, आणि पिटातून आरोळी उठली, "या ताराबाई!"

मी आणि सखाराम एकदम उठलो. "शेठ, तुमच्या गाडीचा बैल सुटला!" आम्ही त्यांना दोन्ही दंडांना धरून बाहेर काढलं. बैल अर्थात जागच्या जागी रवंथ करत होता. मग आम्ही त्यांना चहाच्या दुकानात नेलं, बाकावर बसवलं आणि भजी मागवली. शेठनी बिचाऱ्यांनी एक भजं तोंडात टाकलं. पण आतून ऑर्गन वाजायला लागला तसे ते चुळबुळ करायला लागले.

"अरे, सोडा मला," शेवटी ते कळवळून म्हणाले. "तिसऱ्या अंकातलं जटा सोडतानाचं पद तरी ऐकू द्या!"

"कसलं पद अन् काय, शेठ! भजी घ्या!" मी म्हटलं आणि बशी पुढं सरकवली.

* * *

नाटक चाललं, मूकपट चालला. मग लेखक महाशयांनाच जोर चढला. त्यांनी त्या कादंबरीच्या आधीची कथा लिहिली. म्हणजे दोघी बहिणी लहान होत्या तेव्हाचं. मी तर उडीच मारली. ताबडतोब मुंबईहून प्रत मागवली, आणि ती शनिवारीच हातात पडल्यामुळं न चाळता सरळ माळ्यावर घेऊन गेलो.

"मंडळी, आज नेहमीच्या प्रकरणाआधी एक मेजवानी!" असं म्हणून मी पहिलं पान उघडलं आणि खड्या आवाजात वाचलं, "पुढं गोसाव्याचा वेष घेऊन..."

आणि माझी नजर पुढं गेली. वाक्य असं होतं: "पुढं गोसाव्याचा वेष घेऊन साऱ्या संस्थानाला चकवणारी तारा त्या वेळी सात वर्षांची होती."

पहिलं वाक्य! लेखकानं स्वतःच्या हातानं, पहिल्याच वाक्यात! समोर दाऊदशेठ मान पुढं करून ऐकत होते. मला जो ठसका लागला तो खोटा नव्हता. काकूंनी पाठीत धपाटे घातले.

"पुढं गोसाव्याचा वेष घेऊन," मी घाम पुसत म्हणालो, "घरोघर फिरणाऱ्या... एका म्हाताऱ्याकडं... एक बकरी होती."

"बकरी?" पांडू म्हणाला.

"बकरी."

"रंग कंचा?"

"काळा. कपाळावर पांढरा ठिपका."

मला वाटलं, एवढ्यावर निभावेल. दाऊदशेठ म्हणाले, "मग? बकरीचं पुढं काय झालं?"

काय सांगू! पुस्तक समोर धरून मी तासभर बकरी रचत होतो. बकरी हरवली, दिवाणाच्या बागेत शिरली, दिवाणाचं पागोटं खाल्लं. कॉलेजात निबंधाला मला कधी एवढी दाद मिळाली नव्हती. त्या दिवशी नेहमीचं प्रकरण राहूनच गेलं. पुढच्या शनिवारी माळ्यावर पाय ठेवला तोच कोळीवाड्यातून आवाज आला, "गोसावी ऱ्हाऊ दे, बकरीचा वाच!"

* * *

याच सुमारास लेखक महाशय अलिबागला व्याख्यानाला आले. मी गोदूकाकूंना बरोबर घेऊन गेलो. व्याख्यान संपल्यावर त्यांना गाठलंच, आणि मनात होतं ते सगळं ओकलो.

"आपलं रहस्य आपणच फोडलंत! वाचकांनी कोणावर विश्वास ठेवायचा?"

लेखक दमलेले होते. उपरण्यानं वारा घेत म्हणाले, "अहो, नाटकवाल्यानं शेवट बदलला, सिनेमावाल्यानं सुरुवात बदलली. हल्ली लोक मला भेटतात ते त्यांच्यातलंच विचारतात. मूळ पुस्तकात मी काय लिहिलं होतं ते मलाच नीट आठवत नाही."

तेवढ्यात काकू पुढं झाल्या. "ते जाऊ दे हो. त्या काळ्या बकरीचं शेवटी काय होतं? पागोटं खाल्ल्यावर दिवाण तिला मारत तर नाही ना?"

लेखकांनी माझ्याकडं पाहिलं. काकूंकडं पाहिलं. क्षणभर डोळे मिटले. मग अतिशय गंभीरपणे म्हणाले, "ते पुढच्या भागात येईल."

* * *

आणि शेवटी तो शनिवार उजाडला. शेवटचं प्रकरण.

सुपारीचा हंगाम तोंडावर आला होता. श्रीवर्धनहून माल निघाल्याची वर्दी होती, आणि दाऊदशेठच्या गुमास्त्यानं सकाळीच माळ्यावर येऊन हातानं जमीन मोजली होती. मला कोणी काही सांगायची गरज नव्हती. वर येणाऱ्या प्रत्येक माणसाला गोसावी कोण ते ठाऊक होतं. काहींनी पडद्यावर पाहिलं होतं, काहींनी नाटकात. लेखकाच्या नव्या पुस्तकाची एक प्रत तोवर शाळेत पोचली होती. रहस्यात काही उरलंच नव्हतं, तर आज येणार कोण? आज माळा रिकामा दिसला की उद्या सुपारी.

मी पुस्तक काखोटीला मारून जिना चढलो, आणि वरच्या पायरीवर थबकलो. पाय ठेवायला जागा नाही! कोळीवाडा, मिठागर, आळ्या, मोहल्ला, सगळं गाव दाटीवाटीनं बसलेलं. कधी न येणारे हेडमास्तरसुद्धा कोपऱ्यात एका पोत्यावर. आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं नव्हे, दाऊदशेठकडं! गुपित कळल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, ते बघायला गाव आलं होतं.

मी वाचायला लागलो. गोसावी दरबारात आला. दिवाण खदाखदा हसला. गोसाव्यानं जटेला हात घातला. सखारामनं शेजाऱ्याचा हात घट्ट धरला. मी वाचलं, "जटा खाली पडल्या आणि धाकटीनं किंकाळी फोडली, ताराताई!"

दाऊदशेठ ताडकन उभे राहिले.

"या अल्ला! बहीण?" त्यांचा आवाज फुटला. "बुडालेली बहीण?" आणि ते घळाघळा रडायला लागले. असे रडले की पांडू तांडेलासारखा समुद्रावरचा माणूस मुंडाशानं डोळे पुसायला लागला. बायका हुंदके देत होत्या. हेडमास्तर नाक शिंकरत होते. जो शेवट सगळ्यांना तोंडपाठ होता, त्याच शेवटाला सगळं गाव पहिल्यांदा कळल्यासारखं रडत होतं!

डोळे पुसून दाऊदशेठनी गुमास्त्याला हाक मारली. "सुपारीला दुसरी जागा बघ. हा माळा पुस्तकांचा. कायमचा!"

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! मला कोणीतरी उचललं, कोणीतरी खाली ठेवलं. हळूहळू माणसं जिना उतरली. मागं राहिलो मी, दाऊदशेठ आणि चटई गुंडाळणाऱ्या गोदूकाकू.

काकूंनी चटई काखेत घेतली आणि विचारलं, "संपलं ना रे पुस्तक? अगदी संपलं?"

"संपलं, काकू."

"मग आता बोलायला मोकळी झाले मी." त्या शेठकडं वळल्या. "दाऊदशेठ, दुसऱ्या शनिवारी मी रुसून निघाले होते, तेव्हा तुम्ही जिन्यात भेटलात आणि खालच्या पायरीवर बसवून मुंबईत वाचलेली सगळी गोष्ट मला सांगितलीत. तेव्हासुद्धा जटा पडल्या तिथंच रडला होतात हो!"

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

दाऊदशेठनी ते उचललं, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिलं. जिन्याच्या तोंडाशी जाऊन सावकाश वहाणा घातल्या. दोन पायऱ्या उतरून वर बघत म्हणाले, "बीए, पुढल्या शनिवारी त्या बकरीचं वाचा. तिचा शेवट मला खरंच ठाऊक नाही!"